वाढत्या अंगाची रॅकेट नको!

दोस्तांनो, दर जूनमध्ये घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. शाळेचा नवा युनिफॉर्म घ्यायला दुकानात गेलं, की आई दुकानदाराला म्हणते, "जरा वाढत्या अंगाचाच द्या हो, दोन वर्षं तरी पुरला पाहिजे!" मग पहिले सहा महिने आपण त्या ढगळ शर्टात बुजगावण्यासारखे दिसतो. दिसेनात का! शर्ट मोठा झाला म्हणून कुणाचा हात दुखत नाही.

टेनिसच्या रॅकेटचं मात्र तसं नाही बरं का! रॅकेट वाढत्या अंगाची घेतली, तर आधी फटका बिघडतो, मग मनगट कुरकुरतं आणि शेवटी कोपर संपावर जातं. म्हणून आज आपण रॅकेटची निवड या विषयाची जरा नीट उलटतपासणी करणार आहोत.

आजचा लेख खास 'मधल्या' खेळाडूंसाठी आहे. मधले म्हणजे कोण? ज्यांना टेनिस सुरू करून दोन-तीन वर्षं झाली आहेत, समोरच्याबरोबर सलग दहा-बारा फटके चालवता येतात, सर्व्हिस बहुतेक वेळा चौकोनात पडते, पण अजून फोरहँडचा भरवसा आहे आणि बॅकहँडचा नाही, असे सगळे! वय साधारण बारा ते सोळा. पहिली छोटी रॅकेट आता हातात खेळण्यासारखी वाटायला लागली आहे आणि नवी घ्यायची म्हणून घरात चर्चा चालू आहे. तुम्हाला हवी आहे पोस्टरवरच्या खेळाडूची रॅकेट. बाबांना हवी आहे कॉलेजपर्यंत टिकेल अशी. खरं सांगू? दोघांचंही थोडं चुकतंय. आणि चांगल्या रॅकेटची किंमत सहज पाच आकडी होते, त्यामुळे ही चूक स्वस्तात पडत नाही.

हात तुमचा की चॅम्पियनचा?

आधी पोस्टरचा निकाल लावू. पीट सँप्रासनं चौदा ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं जिंकली ती फक्त ८५ चौरस इंच जाळीच्या रॅकेटनं. शिवाय तिचं वजन ३५० ग्रॅमहून जास्त! ती रॅकेट सँप्रासच्या खांद्यासाठी होती. आठवीतल्या मुलानं ती उचलली, तर पहिल्या गेममध्ये ऐट वाटेल आणि तिसऱ्या गेममध्ये हात लोंबकळायला लागेल.

आता रॉजर फेडररची गंमत ऐका. तो बरीच वर्षं ९० चौरस इंचांची रॅकेट वापरत होता. तिच्या जोरावर त्यानं ढीगभर विजेतेपदं मिळवली. पण २०१४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो ९७ चौरस इंचांच्या रॅकेटकडे वळला. म्हणजे जगातल्या सर्वांत तरबेज हातालासुद्धा वाटलं, की जाळी जरा मोठी असती तर बरं! त्या मोठ्या रॅकेटनं त्यानं २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन, तर २०१८ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. फेडररला मोठी जाळी घेताना कमीपणा वाटला नाही, मग तुम्हाला आम्हाला का वाटावा?

आणखी एक गुपित. मोठे खेळाडू हातात घेतात ती रॅकेट आणि दुकानात त्याच नावानं टांगलेली रॅकेट यांत पुष्कळदा फरक असतो. त्यांच्या रॅकेटवर शिशाच्या पट्ट्या चिकटवून वजन वाढवलेलं असतं, मूठ हाताप्रमाणे घडवलेली असते. काही वेळा तर आत जुनंच मॉडेल असतं आणि वरून रंग तेवढा नव्याचा! तेव्हा रंगावर भाळू नका. चेंडूला रंग कळत नाही.

डोकं मोठं असलेलं बरं

रॅकेटच्या गोल भागाला टेनिसमध्ये 'हेड' म्हणतात. त्याचं क्षेत्रफळ चौरस इंचांत मोजतात आणि ते बहुधा फ्रेमवरच छापलेलं असतं. लाकडी रॅकेटच्या काळात ते ६५ ते ७० चौरस इंच असायचं. चेंडू बरोबर मध्यावर बसला तर ठीक, जरा बाजूला लागला की रॅकेट हातात गर्रकन फिरायची.

हॉवर्ड हेड नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला याचाच वैताग आला. बर्फावरून घसरण्याच्या धातूच्या पट्ट्या बनवून तो आधीच नावारूपाला आला होता. निवृत्तीनंतर टेनिस शिकायला गेला, तर फटके काही नीट बसेनात. रॅकेट हातात फिरते ना? मग तिची रुंदीच वाढवू या! त्यातून १९७६ मध्ये प्रिन्स कंपनीची ११० चौरस इंचांची अगडबंब रॅकेट बाजारात आली. लोक तिला हसले. पण १९७८ मध्ये पॅम श्रायव्हर नावाची सोळा वर्षांची मुलगी तशीच रॅकेट घेऊन उतरली आणि उपांत्य सामन्यात मार्टिना नवरातिलोव्हाला हरवून थेट अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पोचली. तिथं ती ख्रिस एव्हर्टकडून हरली खरी, पण हसणारे गप्प झाले.

यामागचं विज्ञान सोपं आहे. रुंद रॅकेट सहजासहजी फिरत नाही आणि तिच्या मध्यावरचा 'गोड' भाग मोठा असतो. तिथं चेंडू लागला की हाताला झटका न बसता फटका सुरेख जातो. तुमचा प्रत्येक फटका अजून मध्यावर बसत नाही, हो ना? मग ९८ ते १०५ चौरस इंच हे तुमच्यासाठी योग्य माप. शंका असेल तर सरळ १०० घ्या. राफेल नदालनंही १०० चौरस इंचांच्याच रॅकेटनं फ्रेंच ओपन चौदा वेळा जिंकली. तेव्हा हे माप काही 'लिंबूटिंबूं'चं नाही!

लांबी, वजन आणि तोल

मोठ्यांची रॅकेट साधारण २७ इंच म्हणजे सुमारे ६८.५ सेंटिमीटर लांब असते. नियमानं २९ इंचांपर्यंत चालते, पण त्या वाटेला आत्ता जाऊ नका. लहानांच्या रॅकेट १९ पासून २६ इंचांपर्यंत मिळतात. तुमची उंची अजून दीडशे सेंटिमीटरच्या आतबाहेर असेल आणि अंगकाठी बारीक असेल, तर २६ इंची ग्रॅफाइटची रॅकेट एक वर्ष खुशाल वापरा. त्यात लाज कसली? त्याहून उंच असाल, तर २७ इंची घ्यायला हरकत नाही, पण वजन पाहून.

रॅकेटवर किंवा तिच्या लेबलवर लिहिलेलं वजन बहुतेक वेळा गटिंग न केलेल्या फ्रेमचं असतं. गटिंगनं साधारण १५ ते १८ ग्रॅम वाढतात, हे लक्षात ठेवा. आता ढोबळ हिशेब असा: नुकतेच २७ इंचांवर आलेल्या मुलामुलींनी २५५ ते २७५ ग्रॅमची फ्रेम घ्यावी. पंधरा-सोळा वर्षांच्या, आठवड्यातून चार-पाच दिवस खेळणाऱ्या आणि अंगात ताकद असलेल्यांनी २८० ते ३०० ग्रॅमपर्यंत जावं. तीनशेच्या पुढची घाई आत्ता नको.

"मग सगळ्यांत हलकीच का घेऊ नये?" असा प्रश्न कुणी हुशार विचारेलच. चांगला प्रश्न! टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो. तो वेगानं येऊन जाळीवर आदळतो आणि सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात निघूनही जातो. त्या क्षणी रॅकेटमध्ये पुरेसं वजन नसेल, तर रॅकेट चेंडूला ढकलण्याऐवजी चेंडूच रॅकेटला ढकलतो आणि हादरा हाताला बसतो. म्हणजे फार जड रॅकेट हाताला थकवते आणि फार हलकी हाताला हादरवते. दोन्ही टोकं टाळायची.

ओळखायचं कसं? रॅकेट जड होत असेल, तर तुम्ही चेंडूला उशिरा गाठता. उजव्या हातानं खेळणाऱ्यांचे फोरहँड मग सारखे उजव्या बाजूला बाहेर जायला लागतात. खेळाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत सर्व्हिस जाळ्यात अडकते. रॅकेट फार हलकी असेल, तर समोरच्यानं जोरात मारलेला चेंडू परतवताना फ्रेम थरथरते आणि तुमचा फटका बेसलाइनपर्यंत पोचण्याआधीच बसकण मारतो.

वजनाइतकाच महत्त्वाचा आहे तोल. घरातला हातोडा घ्या. आधी दांडा धरून हलवा, मग उलटा करून लोखंडाच्या बाजूनं धरून हलवा. वजन तेच, पण हलवायला केवढा फरक! रॅकेटचंही तसंच. २७ इंची रॅकेटचा बरोबर मध्य मुठीच्या टोकापासून सुमारे ३४.३ सेंटिमीटरवर येतो. रॅकेट एका बोटावर आडवी तोलून धरा. ती या मध्याच्या अलीकडे, म्हणजे मुठीच्या बाजूला तोलली गेली, तर वजन मुठीकडे आहे. पलीकडे तोलली गेली, तर डोक्याकडे. मुठीकडे वजन असलेली रॅकेट चपळ असते, नेटजवळ व्हॉली मारताना झटकन फिरते. डोक्याकडे वजन असलेली रॅकेट कमी ताकदीत चेंडू लांब पाठवते, पण वजनापेक्षा जड भासते. बऱ्याच हलक्या रॅकेटचं वजन मुद्दाम डोक्याकडे ढकललेलं असतं. म्हणून नुसता आकडा वाचून 'हलकी आहे' म्हणू नका, हातात घेऊन फिरवून पाहा.

मूठ: सगळ्यांत दुर्लक्षित माप

चप्पल घेताना आपण नंबर विचारतो ना? मुठीलाही नंबर असतो आणि घाईघाईत खरेदी करणारे तो बघतच नाहीत! मुठीच्या तळाशी किंवा दांड्यावर एल १, एल २, एल ३ असं छापलेलं असतं. एल १ म्हणजे घेर ४ १/८ इंच, एल २ म्हणजे सव्वाचार इंच, एल ३ म्हणजे ४ ३/८ इंच.

आपलं माप काढायला फूटपट्टी पुरते. ज्या हातानं खेळता त्या हाताचा पंजा सरळ उघडा. तळहातावर आडव्या रेषा दिसतील. अनामिकेच्या टोकापासून मधल्या आडव्या रेषेपर्यंतचं अंतर मोजा. ते साधारण १०.५ सेंटिमीटर आलं तर एल १, १०.८ आलं तर एल २, ११.१ आलं तर एल ३. दुकानात आणखी एक परीक्षा करा. रॅकेट फोरहँडसाठी धरतो तशी धरा. अनामिकेचं टोक आणि अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग यांच्या मधल्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी अलगद बसली पाहिजे. बोट शिरतच नसेल तर मूठ लहान, आणि फट उरून राहत असेल तर मूठ मोठी.

मूठ लहान असली की रॅकेट निसटू नये म्हणून आपण ती नकळत आवळून धरतो. मोठी असली तरी तीच गत. सतत आवळलेल्या मुठीचा ताण सरळ कोपराकडे जातो. दोन मापांच्या मध्ये अडकलात, तर लहान माप घ्या. कारण वरून एक ओव्हरग्रिप गुंडाळली की मूठ १/१६ इंचानं जाड होते. मोठी मूठ तासून लहान करणं मात्र महाकठीण!

गटिंगकडे कोण बघतं?

कुणीच नाही! दहा हजारांची फ्रेम घ्यायची आणि तिच्यावर कोणतंही गटिंग ठोकायचं, ही आपली जुनी खोड. अहो, चेंडूला लागते ती फ्रेम नव्हे, जाळी लागते.

आज टीव्हीवर दिसणारे बहुतेक मोठे खेळाडू पॉलिएस्टरचं गटिंग वापरतात. ब्राझीलच्या गुस्तावो कुएर्तेननं १९९७ ची फ्रेंच ओपन असल्या गटिंगवर जिंकली आणि तेव्हापासून त्याचा बोलबाला झाला. हे गटिंग टिकाऊ आणि चेंडूला छान फिरकी देणारं, पण कडक असतं. शिवाय त्याचा ताण लवकर उतरतो. ज्यांचा फटका पूर्ण वेगात असतो त्यांनाच त्याचा फायदा. वाढत्या वयाच्या हातांनी शक्यतो लांब राहावं. गाईगुरांच्या आतड्यांपासून बनवलेलं नैसर्गिक गट हाताला सर्वांत मऊ, पण फार महाग. आणि आपल्या मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत ते ओलावा धरून लवकर खराब होतं. मग उरलं काय? साधं नायलॉनचं, म्हणजे सिंथेटिक गट, किंवा अनेक बारीक तंतूंचं 'मल्टिफिलामेंट'. तुमच्यासाठी हेच उत्तम.

गटिंग किती घट्ट करायचं? फ्रेमवर पौंडांमध्ये मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ५० ते ६०. पुष्कळ मुलं ऐटीत सांगतात, "काका, साठनं आवळा!" आता गावाकडची बाज आठवा. जरा सैल विणलेल्या बाजेवर चेंडू टाकला तर तो चांगला उसळतो. करकचून आवळलेल्या बाजेवर कमी उसळतो. सैल जाळी जास्त जोर देते आणि हाताला सुखाची असते. घट्ट जाळी जोर कमी देते, त्यामुळे फटका आवरता येतो, पण हादरा वाढतो. तुम्ही मर्यादेच्या मध्यावर किंवा त्याहून दोन पौंड खाली सुरुवात करा. चेंडू सारखे बाहेर जात असतील, तर पुढच्या वेळी दोन पौंड वाढवा. एकदम पाच नाही!

आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्या वेळा गटिंग बदलावं, असा एक जुना ठोकताळा आहे. गटिंग तुटलं नाही म्हणजे ते चांगलं आहे, असं नव्हे. रॅकेट नुसती कपाटात ठेवली तरी ताण उतरत जातो. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवली तर आणखी लवकर. आणि हो, जाळीत अडकवायचा तो रबरी डॅम्पनर फक्त 'टंग' हा आवाज कमी करतो. त्यानं कोपराचं रक्षण होत नाही!

कोपराची गोष्ट

'टेनिस एल्बो' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २००४ मध्ये आपल्या सचिन तेंडुलकरला यानंच गाठलं. तो तर टेनिसपटूही नाही! २००५ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. पुढं तो किती खेळला हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण त्याच्या दिमतीला उत्तम डॉक्टर आणि भरपूर विश्रांती होती. तुम्हाला चौदाव्या वर्षी कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, दप्तर उचलताना किंवा दार उघडताना कळ आली, तर 'थोडं सहन करतो' असं म्हणायचं नाही. खेळ थांबवा, घरी सांगा, डॉक्टरांना दाखवा. मग रॅकेटचं वजन, मूठ आणि गटिंग या तिन्ही गोष्टी पुन्हा तपासा. नवं विजेतेपद कधीही मिळतं, नवा कोपर मिळत नाही.

खरेदीला निघताना

मुंबईच्या धोबीतलावासारख्या बाजारात गेलात, तर भिंतभर रॅकेट बघून डोळे दिपतील. म्हणून आधी घरीच कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: लांबी, हेडचं माप, वजन, मुठीचा नंबर आणि गटिंग. शक्य असेल तर क्लबातल्या मित्रमैत्रिणींच्या रॅकेट मागून अर्धा-अर्धा तास खेळून पाहा. चार चेंडू मारून मत बनवू नका. वीस सर्व्हिस, वीस फोरहँड, वीस बॅकहँड आणि दहा व्हॉली मारा, आणि शेवटचे दहा फटके कसे गेले ते आठवा. ताज्या हाताला कुठलीही रॅकेट आवडते, खरं काय ते दमलेला हात सांगतो.

एक सावधगिरी. स्वस्त रॅकेट बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. गळ्यापाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वेगळा तुकडा जोडलेला दिसला, तर तीच समजा. सुरुवातीला त्या ठीक, पण जोरात मारणाऱ्या मधल्या खेळाडूच्या हाताला त्या झटके देतात. तुमच्यासाठी पूर्ण ग्रॅफाइटची, अखंड फ्रेमच हवी. बजेट कमी असेल, तर नव्या ॲल्युमिनियमपेक्षा वापरलेली, पण धड असलेली ग्रॅफाइटची रॅकेट कितीतरी चांगली. फक्त तिच्यावर तडे नाहीत ना, हे डोक्याच्या वरच्या दोन्ही खांद्यांपाशी बोट फिरवून नीट बघा आणि गटिंग नवं करून घ्या.

आई-बाबांसाठी छोटीशी चौकट

मुलांची उंची आणि ताकद या वयात झपाट्यानं बदलते. त्यामुळे 'एकदाच भारी घेऊ' हा हिशेब इथं जुळत नाही. मध्यम किमतीची योग्य मापाची रॅकेट दोन वर्षं वापरावी आणि वाचलेल्या पैशांतून वेळच्या वेळी गटिंग करावं. मागच्या वर्षीचं मॉडेल नव्याहून स्वस्त मिळतं आणि खेळात फरक पडत नाही. मुलांच्या प्रशिक्षकांना विचारा, पण मूठ मात्र मुलाच्याच हातानं मोजा. आणि सामना हरल्यावर "एवढी महागाची रॅकेट आणून दिली तरी!" हे वाक्य कृपा करून गिळून टाका.

तर मित्रमैत्रिणींनो, या आठवड्याचा गृहपाठ: फूटपट्टी घेऊन हाताचं माप काढा, आत्ताच्या रॅकेटच्या मुठीवरचा नंबर वाचा आणि दोन्ही जुळतात का बघा. जुळत नसतील, तर कदाचित तुमच्या बॅकहँडचं दुखणं बॅकहँडमध्ये नाहीच, मुठीत आहे! एक ओव्हरग्रिप गुंडाळून ते बरं झालं, तर नव्या रॅकेटचे पैसे वाचले. त्यातून चेंडूंचा नवा डबा आणा आणि चला कोर्टवर!